तेरा जणी, एक हंगाम: एलपीजीएचं १९५० साल

जानेवारी १९५०. फ्लोरिडातलं टॅम्पा शहर, पाल्मा सीया क्लबचं मैदान. पुढे एलपीजीए म्हणून ओळखल्या गेलेल्या, अमेरिकेतल्या बायकांच्या नव्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्याची ही पहिली स्पर्धा. चार दिवस, बहात्तर होल (चेंडू घालायची भोकं), आणि शेवटी फलकावर सगळ्यांत वर नाव लागलं पॉली रायलीचं. गोल्फमध्ये सगळ्यांत कमी फटके घेणारी जिंकते. तिचे एकूण फटके २९५. दुसरी आलेली लुईस सग्ज पाच फटके मागे.

पॉली रायली व्यावसायिक नव्हती. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थची ही ठेंगणी, चिवट मुलगी हौशी म्हणून खेळत होती आणि पुढेही जन्मभर हौशीच राहिली. हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. त्यामुळे मान पॉलीला आणि पैसे सग्जला, अशी वाटणी झाली. ज्या दौऱ्याचा सगळा दावाच असा होता की बायकाही गोल्फ खेळून पोट भरू शकतात, त्याची पहिलीच स्पर्धा जिंकणाऱ्या बाईने त्यातून एक डॉलरही नेला नाही.

या हंगामाबद्दल वाचताना मी दर वेळी इथे थांबते. पुढे जे घडलं त्यातल्या बहुतेक अडचणी या एका निकालात दिसतात. हौशी गोल्फमध्ये चांगल्या खेळणाऱ्या बायकांची वाण नव्हती. त्यांच्याकडे मोठ्या स्पर्धा होत्या, क्लबांमध्ये मान होता, वर्तमानपत्रांत फोटो येत होते. व्यावसायिक होणं म्हणजे हे सगळं सोडायचं, आणि त्या बदल्यात काय मिळणार याचा भरवसा कुणीच द्यायचा नाही. पॉली रायलीने हिशेब मांडला असेल तर तो चुकीचा नव्हता. नवल तिचं नाही, ज्यांनी उलटा निर्णय घेतला त्यांचं वाटतं.

असा प्रयत्न आधी एकदा होऊन गेला होता. १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, होप सिग्नियस, बेटी हिक्स आणि एलन ग्रिफिन या तिघींनी विमेन्स प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूपीजीए, स्थापन केली. या संस्थेने १९४६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात पहिली यूएस विमेन्स ओपन भरवली. बक्षिसाची एकूण रक्कम होती १९,७०० डॉलर. तिथल्या एका क्लबने नाणी टाकून खेळायच्या जुगारयंत्रांच्या कमाईतून ती दिली होती. जिंकलेल्या पॅटी बर्गला ५,६०० डॉलरचे रोखे मिळाले. त्या काळात बायकांच्या खेळात ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती.

पण तो एका गावचा, एका वर्षाचा पाऊस होता. पुढच्या वर्षी स्पर्धा नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोला गेली आणि रक्कम झपकन खाली आली. स्पर्धा भरवायची, पत्रं लिहायची, मासिक काढायचं, क्लबांच्या दारात उभं राहून मैदान मागायचं, हे सगळं होप सिग्नियस आपल्या आणि वडिलांच्या पैशातून करत होती. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. १९४९ पर्यंत पैसे संपले आणि माणसंही थकली. डब्ल्यूपीजीए विझत आली.

तेव्हा विल्सन या क्रीडासाहित्याच्या कंपनीने लक्ष घातलं. पॅटी बर्ग १९४० पासून या कंपनीच्या पगारावर होती, तिच्या नावाचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, विकले जात. बेब डिड्रिक्सन झहारियसही विल्सनचीच. कंपनीचे प्रमुख एल. बी. आइसली यांना दिसत होतं की बायकांच्या स्पर्धा झाल्या नाहीत तर बायकांसाठीचे क्लब घेणार कोण. फ्रेड कॉर्कोरन यांनी पुरुषांच्या पीजीए दौऱ्याचं व्यवस्थापन दहा वर्षं केलं होतं. त्यांना बायकांचा दौरा उभा करायला सांगितलं गेलं आणि त्यांचा पगार विल्सनने भरला. जुन्या संस्थेचं नाव आणि सनद हातात येईना, म्हणून नवी संस्था काढायची ठरली. नावात ‘विमेन्स’च्या जागी ‘लेडीज’ आलं आणि लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन, एलपीजीए, जन्माला आली. संस्थेची रीतसर कागदपत्रं १९५० च्या शरद ऋतूत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी पुरी झाली. म्हणजे हंगाम आधी सुरू झाला आणि संस्था मागाहून कागदावर आली.

संस्थापक म्हणून तेरा जणींची नावं नोंदली आहेत: पॅटी बर्ग, बेब झहारियस, लुईस सग्ज, बेटी जेमिसन, मॅरिलिन स्मिथ, शर्ली स्पोर्क, हेलन डेटवायलर, हेलन हिक्स, ओपल हिल, सॅली सेशन्स, बेटी डॅनॉफ, आणि अ‍ॅलिस व मार्लीन या बाउअर भगिनी. यादी सलग वाचली की नुसती नावं राहतात, म्हणून थोडं जवळून बघू. मार्लीन सोळा वर्षांची होती. आदल्याच वर्षी ती अमेरिकेची पहिली राष्ट्रीय मुलींची विजेती झाली होती. ओपल हिल अठ्ठावन्न वर्षांच्या. डेटवायलर युद्धात वैमानिक होती, बी-१७ बॉम्बफेकी विमानं तिने चालवली होती. पॅटी बर्ग मरीन दलात अधिकारी होती. ती नव्या संस्थेची पहिली अध्यक्ष झाली. आणि बेब तर १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळा शर्यतीत सुवर्ण आणि उंच उडीत रौप्य मिळवून आलेली. आजी शोभेल अशी एक आणि शाळकरी वयाची दुसरी, दोघी एकाच संस्थेच्या संस्थापक. असं दुसरीकडे फार वेळा घडलेलं नाही.

आता त्या हंगामाचं रोजचं रूप बघू. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

दौरा म्हणजे काय, तर मोटारींची रांग. स्पर्धा संपली की सामान डिकीत टाकायचं आणि पुढच्या गावाचा रस्ता धरायचा. दोघी-तिघी एका गाडीत, शेकडो मैलांचा प्रवास, खोली वाटून घ्यायची. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांची वर्णनं ज्यांनी वाचली असतील त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. फरक एवढाच की मंडळीत पडदे ओढायला, तिकिटं फाडायला वेगळी माणसं असत. इथे तीही कामं नायिकांनीच करायची.

गोल्फमध्ये स्पर्धेआधी मैदान मांडावं लागतं. प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, भोक कुठे पाडायचं, म्हणजे झेंडा कुठे लावायचा, हे ठरवायचं. पहिला फटका मारायची जागा दाखवणाऱ्या खुणा टीवर ठेवायच्या. कुठला भाग खराब आहे, तिथे चेंडू गेला तर दंडाशिवाय उचलायची मुभा आहे, हे आखून दाखवायचं. हद्दीच्या खुंट्या तपासायच्या. पुरुषांच्या दौऱ्यात हे काम करायला पगारी माणूस असे. इथे खेळाडूच आदल्या संध्याकाळी मैदान फिरायच्या आणि एकेक ग्रीन बघून भोकाची जागा ठरवायच्या. झेंडा काठाजवळ, उतारावर लावला तर होल अवघड होतं. मधोमध सपाटीवर लावला तर सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई त्याच झेंड्याकडे चेंडू मारणार, आणि तिच्या बरोबरीच्या बाकीच्याही.

यातला पेच लगेच लक्षात येतो. कुठल्याही खेळात स्पर्धकाने मैदान मांडणं म्हणजे संशयाला आमंत्रण. लांब मारणारीला एक प्रकारची मांडणी सोयीची, अचूक मारणारीला दुसरी. पण इथे दुसरा उपायच नव्हता, आणि म्हणून एकमेकींवर विश्वास ठेवणं भाग होतं. नियमांचे वाद निघाले तर निवाडाही आपसांत. दिवसभर जिच्याशी स्पर्धा केली तिलाच संध्याकाळी दंड सांगायचा, आणि रात्री तिच्याच गाडीत बसून पुढच्या गावी जायचं. भांडणं झाली. नाराजी राहिली, काहींच्या मनात वर्षानुवर्षं राहिली. तरी दौरा मोडला नाही.

मैदानाबाहेरची कामं वेगळीच. निकाल टाइप करून वर्तमानपत्रांना पाठवायचे. पत्रव्यवहार सांभाळायचा. प्रायोजकांच्या जेवणांना, क्लबच्या समारंभांना जायचं. नवशिक्यांसाठी शिबिरं घ्यायची. यात पॅटी बर्गचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि सगळ्यांत आधी लोकांना स्पर्धा आहे हे कळवायचं. मॅरिलिन स्मिथ आणि तिच्या मैत्रिणी बेसबॉलच्या मैदानात जायच्या, सामना सुरू व्हायच्या आधी फलंदाजाच्या जागेवर उभं राहून गोल्फचे चेंडू पार मैदानाच्या टोकाला मारायच्या, आणि मग ध्वनिक्षेपक हातात घेऊन सांगायच्या की आमची स्पर्धा अमुक क्लबवर आहे, बघायला या. मुष्टियुद्धाच्या सामन्यांतही मधल्या वेळात असंच आवाहन केलं गेलं. ज्यांनी आयुष्यात गोल्फ क्लबच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं, अशा गर्दीपुढे जाऊन उभं राहणं सोपं नव्हतं.

मॅरिलिन स्मिथबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ती कॅन्सस विद्यापीठात शिकत होती तेव्हा तिला राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेला जायचं होतं. प्रवासखर्चासाठी तिच्या वडिलांनी विद्यापीठाच्या क्रीडाविभागाकडे विचारणा केली. उत्तराचा आशय असा होता की तुमची मुलगी मुलगा नाही हे दुर्दैव. मुलीने नंतर स्पाल्डिंग कंपनीशी करार केला आणि व्यावसायिक झाली. ज्या विचिटात ती वाढली त्याच गावात पुढे एलपीजीएची कागदपत्रं झाली.

पैशाकडे वळू. १९५० मध्ये चौदा स्पर्धा आणि बक्षिसांची एकूण रक्कम सुमारे ५०,००० डॉलर, असा हिशेब एलपीजीए देते. म्हणजे एका स्पर्धेला सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास, आणि तेही सगळ्या खेळाडूंत वाटायचे. हंगामात सर्वाधिक कमाई बेब झहारियसची: १४,८०० डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या दौऱ्यात अव्वल असलेल्या सॅम स्नीडने ३५,७५८ डॉलर मिळवले. हा फरक लोक नेहमी दाखवतात आणि तो खराच आहे. मला मात्र दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. पन्नास हजारांतले जवळजवळ पंधरा हजार एकटीने नेले, म्हणजे दर दहा डॉलरमधले तीन. उरलेल्यांच्या वाट्याला जे आलं त्यात पेट्रोल, खोली आणि जेवण भागवणंही कठीण. म्हणूनच विल्सन, मॅकग्रेगर, स्पाल्डिंग यांच्या पगाराशिवाय हा दौरा एक महिनाही चालला नसता. बक्षीस हे मानापुरतं. चूल पेटत होती ती शिबिरं घेऊन आणि क्लब विकून.

आता बेबबद्दल. तिने त्या वर्षी टायटलहोल्डर्स, वेस्टर्न ओपन आणि यूएस ओपन, बायकांच्या त्या वेळच्या तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तिच्यासाठी लोक येत. ती प्रेक्षकांशी बोलायची, हसवायची, चेंडूवरून करामती करून दाखवायची. स्पर्धा भरवणारे आधी विचारायचे, बेब येणार का? नुसतं येण्याचे वेगळे पैसे तिला मिळत आणि ते इतरांना खुपायचं. लुईस सग्ज तर १९४९ ची यूएस ओपन बेबला तब्बल चौदा फटक्यांनी हरवून जिंकली होती, तरी मथळे बेबचे. सग्ज मॅकग्रेगरची आणि बेब विल्सनची, त्यामुळे दोघींच्या चुरशीला दोन कंपन्यांच्या चुरशीचीही धार होती, आणि व्यवस्थापकाचा पगार एकीच्या कंपनीकडून येत होता. सग्जला हे सलत असेल तर तिला दोष देता येणार नाही. सर्कशीत एकच हत्ती असला की तंबू त्याच्याभोवती उभा राहतो. बाकीच्यांनी हे पत्करलं, कारण तंबू पडला तर सगळ्याच उघड्यावर. हा शहाणपणा त्या हंगामात होता, आणि त्याची किंमत सग्जसारख्यांनी मोजली.

नवे पैसे आणायचे तर गोल्फच्या बाहेर जावं लागणार, हे कॉर्कोरननी ओळखलं. वेदरव्हेन नावाने बायकांचे सूट बनवणाऱ्या अल्विन हँडमाकर या कारखानदाराला त्यांनी राजी केलं. त्यातून देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकणारी चार टप्प्यांची मालिका निघाली. प्रत्येक टप्पा छत्तीस होलांचा, सगळे मिळून एकशे चव्वेचाळीस. पेबल बीच, क्लीव्हलंड अशी ठिकाणं, आणि चारही टप्प्यांची बेरीज करून एक अंतिम विजेती. तीही बेबच. क्लब विकणाऱ्याऐवजी कपडे विकणाऱ्याने बायकांच्या गोल्फवर पैसे लावले ही मोठी गोष्ट होती. आता खेळ बघणारी बाई हीच गिऱ्हाईक होती.

हंगामातली मोठी स्पर्धा सप्टेंबरच्या अखेरीस विचिटाच्या रोलिंग हिल्स क्लबवर झाली, यूएस विमेन्स ओपन. बेबने २९१ फटक्यांत जिंकली, नऊ फटक्यांच्या अंतराने. बक्षीस १,२५० डॉलर. चार वर्षांपूर्वी स्पोकेनला हीच स्पर्धा जिंकणाऱ्या पॅटी बर्गला ५,६०० मिळाले होते, म्हणजे रक्कम चौथाईच्याही खाली आली होती. वरवर बघता बायकांचं गोल्फ मागे गेलं होतं. पण स्पोकेनच्या ५,६०० च्या मागे दुसरं गाव नव्हतं, तिसरं नव्हतं. विचिटाच्या १,२५० च्या मागेपुढे अख्खा हंगाम होता. मोठी देणगी आणि छोटी पण चालू राहणारी मिळकत यांतला हा फरक आहे. डब्ल्यूपीजीए आणि एलपीजीए यांचं नशीब वेगळं का झालं याचं माझ्यापुरतं उत्तर हेच.

विचिटात दुसरी आली बेट्सी रॉल्स. टेक्सस विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली, आणि हौशी. म्हणजे हंगामाची पहिली स्पर्धा हौशी खेळाडूने जिंकली आणि सगळ्यांत मोठ्या स्पर्धेतही दुसऱ्या जागेवर हौशीच. पण या वेळी पुढचं पाऊल वेगळं पडलं. १९५१ मध्ये रॉल्स व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी तिने यूएस ओपन जिंकली. पॉली रायलीने जो सौदा नाकारला तो वर्षभराने रॉल्सला करण्याजोगा वाटला. त्या एका वर्षात काय बदललं? बक्षिसं फारशी वाढली नव्हती. पण पुढच्या वर्षीही स्पर्धा होणार आहेत हे दिसत होतं.

याचा अर्थ पहिल्या हंगामाने सगळं बरोबर केलं असा नाही. मैदानं बहुतेक खाजगी क्लबांची आणि क्लबांच्या फाटकातून कोणाला आत घ्यायचं हे वर्णावर ठरत होतं. पुरुषांच्या पीजीएच्या घटनेत तर फक्त गोऱ्यांना प्रवेश देणारं कलम १९६१ पर्यंत लिहिलेलं होतं. एलपीजीएच्या दौऱ्यात पहिली कृष्णवर्णीय सदस्य, टेनिसपटू अल्थिया गिब्सन, आली ती १९६४ मध्ये. तेव्हाही काही क्लबांनी तिला कपडे बदलायची खोली नाकारली. १९५० मध्ये या तेरा जणी स्वतःसाठी दार ढकलत होत्या. बाकी किती दारं बंद आहेत हे त्यांच्यातल्या किती जणींच्या मनात होतं, माहीत नाही.

पुढची वाट चढती निघाली. १९५३ पासून यूएस विमेन्स ओपन भरवण्याची जबाबदारी यूएसजीए या राष्ट्रीय संस्थेने घेतली. १९५९ पर्यंत वर्षाला सव्वीस स्पर्धा आणि दोन लाख डॉलरची बक्षिसं झाली. बेब हे सारं बघायला राहिली नाही. १९५३ मध्ये तिला आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळलं, शस्त्रक्रिया झाली, १९५४ ची यूएस ओपन तिने बारा फटक्यांनी जिंकली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये ती गेली. तिच्यावाचून दौरा चालेल का, ही १९५० मधली सगळ्यांत मोठी धास्ती होती. तो चालला.

ऑगस्ट २०२१ मधल्या एका सकाळी आपल्यापैकी अनेकांनी, ज्यांना बर्डी म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, टोकियोत अदिती अशोकचं पुटिंग श्वास रोखून पाहिलं. ती चौथी आली. ती घडली त्या एलपीजीए दौऱ्यावर.

राहता राहिला मानाचा प्रश्न. एलपीजीएचं हॉल ऑफ फेम गुणांवर चालतं, आणि गुण मिळतात मुख्यतः विजयांचे. बर्ग, बेब, सग्ज, जेमिसन आणि मार्लीन बाउअर या पाच संस्थापक त्यात गेल्या. बाकीच्या आठ बाहेर राहिल्या. त्यात एकवीस स्पर्धा जिंकलेली मॅरिलिन स्मिथसुद्धा होती. शर्ली स्पोर्कने तर दौऱ्यावर एकही स्पर्धा जिंकली नाही. तिने शिकवण्याचं काम केलं आणि १९५९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेच्या प्रशिक्षक विभागात तिचा मोठा वाटा होता. आदल्या संध्याकाळी ग्रीनवर भोक कुठे पाडायचं हे ठरवण्याचे गुण नसतात. बेसबॉलच्या मैदानात ध्वनिक्षेपक हातात घेण्याचेही नसतात.

मार्च २०२२ मध्ये नियम बदलले आणि उरलेल्या आठही जणींना एकदम आत घेतलं गेलं. या आठपैकी तेव्हा हयात होती एकटी शर्ली स्पोर्क. तिने ती बातमी ऐकली. एप्रिलमध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ती गेली.